औषध वाहून नेणारे बुडबुडे

'काळा आजार' हे एका रोगाचे नाव आहे. यातील 'आज़ार' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. हा रोग एका लहानशा वालुमाशीच्या चावण्याने होतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, अंगातले रक्त कमी होते. उपचार न केल्यास बहुतेक रोगी दगावतात. आपल्या देशात बिहारमधील खेड्यांना याचा फार त्रास झाला.

या रोगावर 'ॲम्फोटेरिसिन बी' हे गुणकारी औषध होते. पण ते रक्तात सोडले की थंडी-ताप येई आणि मूत्रपिंडांना इजा होई. म्हणून ते थोडे थोडे, एक दिवसाआड, महिनाभर द्यावे लागे. रोजंदारीवर पोट भरणाऱ्या माणसाने महिनाभर दवाखान्यात कसे राहावे?

यावर उपाय सापडला तो चरबीसारख्या स्निग्ध पदार्थात. तेल पाण्यात मिसळत नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. परंतु काही स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचे डोके पाण्याकडे ओढले जाते आणि शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. असे रेणू पाण्यात शेपट्या आत लपवून दुहेरी थर तयार करतात. या थराचे पोकळ बुडबुडे बनतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत त्यांचा शोध लावला. या बुडबुड्यांना 'लायपोसोम' म्हणतात. औषधासाठी वापरले जाणारे लायपोसोम साध्या डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत.

ॲम्फोटेरिसिन या बुडबुड्यांच्या थरात बसवले, तेव्हा मूत्रपिंडांना होणारी इजा पुष्कळ कमी झाली. आता यातली गंमत पाहा. आपल्या शरीरातील भक्षक पेशी परके कण गिळतात. त्या हे बुडबुडेही गिळतात. काळ्या आजाराचे जंतू नेमके याच पेशींत लपून बसलेले असतात! म्हणजे औषध आपोआप शत्रूच्या घरात पोचते.

२०१० साली बिहारमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लायपोसोममधील औषधाची एकच मात्रा जुन्या पंधरा मात्रांइतकीच गुणकारी ठरली. महिन्याचे काम एका दिवसात होऊ लागले.

२०२० साली आलेल्या कोविडच्या काही लशींतही नाजूक रेणू पेशींपर्यंत नेण्यासाठी असेच स्निग्ध कण वापरले गेले. औषध चांगले असणे पुरेसे नाही. ते योग्य जागी पोचलेही पाहिजे.