तापात रोजा कशासाठी?

फेब्रुवारीत दुपारी उन्हाचा चटका आणि पहाटे गारठा, अशी हवा असते. आपल्या देशात फ्लूचे दोन मोसम मानले जातात: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्याच्या सुमारास. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो आणि सध्या तो या पहिल्या मोसमाला येऊन भिडला आहे. सहरीसाठी पहाटे उठणे, रात्री उशिरापर्यंत तरावीहची नमाज. झोप तुटते, घसा कोरडा पडतो. त्यात घरातला एकजण खोकू लागला की बाकीच्यांची पाळी यायला वेळ लागत नाही.

वजूमुळे आपले हात, तोंड, नाक दिवसातून अनेकदा धुतले जाते. सवय मोलाचीच, पण नुसत्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते. ते साबणाने फुटते. वजूखान्यात नळ रांगेने असतात, साबण मात्र शोधावा लागतो. मशीद कमिट्यांनी एवढे मनावर घ्यावे. आधी वीस सेकंद साबणाने हात, मग वजू.

इफ्तारचा दस्तरखान सगळ्यांचा, तो तसाच राहावा. मात्र सरबताचा एकच पेला हातोहात फिरू नये आणि फळांच्या परातीत चमचा असावा. इफ्तार ते सहर या वेळात थोडे थोडे पाणी पीत राहावे. सहरीला एकदम तांब्याभर पिऊन दिवस निघत नाही. तरावीहच्या वेळी खिडक्या उघड्या हव्यात. एसीसाठी बंद केलेल्या दिवाणखान्यात खांद्याला खांदा लावून तास-दीड तास उभे राहणे म्हणजे विषाणूला मोकळे रान.

आता मुख्य गोष्ट. अंगात ताप असूनही रोजा सोडला नाही, हे आमच्याकडे कौतुकाने सांगितले जाते. कॉलेजात मुले सांगतात, घरी आजी-आजोबा सांगतात. मला हे कौतुक पटत नाही. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही मुभा कुरआननेच दिली आहे. तापात अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, औषधांच्या वेळा चुकतात. शिवाय लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस फ्लू दुसऱ्याला लागू शकतो. सफमध्ये शेजारी उभे असलेले चाचा मधुमेही असतील, तर आपली हिंमत त्यांना महागात पडते. तरावीह घरीही अदा होते.

दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काही दिसले तर इफ्तारची वाट पाहू नये, थेट दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी साध्या तापातही पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे. फ्लूवरचे औषध लवकर सुरू केले तरच नीट लागू पडते. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नाही, तेव्हा मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत.

राहिली लस. विषाणू बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. दंडावरच्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे; तरी मन धजत नसेल तर इफ्तारनंतर घ्यावी. तिचा असर दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. ईदच्या गळाभेटी डोळ्यांसमोर असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे घेऊन जा.