खाण आपली, भट्टी कुणाची? इंडोनेशियाच्या निकेलची गोष्ट

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे डिचोलीला जायचो. रस्त्याकडेची झाडं तांबड्या धुळीने माखलेली असायची आणि मांडवीतून खनिजाने भरलेल्या बार्ज एकामागोमाग एक मुरगावकडे निघालेल्या दिसायच्या. एकदा मी विचारलं, "मामा, ही माती जाते कुठे?" मामा म्हणाला, "चीनला. तिथे तिचं लोखंड करतात." "मग आपण इथेच का नाही करत?" यावर मामा नुसता हसला.

तो प्रश्न डोक्यात राहून गेला. मध्यंतरी इलेक्ट्रिक स्कूटर बघायला शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समन एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्यात एनएमसी बॅटरी आहे." यातला 'एन' म्हणजे निकेल. हे निकेल येतं कुठून ते शोधत बसलो, तेव्हा कळलं की मी मामाला विचारलेला प्रश्न एका अख्ख्या देशाने प्रत्यक्ष करून बघितलाय. तो देश म्हणजे इंडोनेशिया.

आपल्याकडे निकेल असतं कुठे?

फोनच्या बॅटरीत बहुतेक वेळा कोबाल्टवर भर असतो, त्यामुळे तिथे निकेल शोधू नका. पण फोनच्या सर्किट बोर्डवर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे शेकडो कपॅसिटर असतात आणि त्यांच्या आतले पातळ थर बहुधा निकेलचे असतात. जगातलं सगळ्यात जास्त निकेल मात्र स्टेनलेस स्टीलमध्ये जातं. घरातल्या डब्यावर '18/8' लिहिलेलं असेल, तर त्यातला 8 म्हणजे साधारण 8 टक्के निकेल.

मातीतून धातू कसा निघतो?

इंडोनेशियाचं निकेल खनिज दिसायला गोव्यासारखंच, तांबडी-तपकिरी माती. त्यात निकेल असतं जेमतेम 1 ते 2 टक्के. म्हणजे 100 किलो माती उचला, हातात येणार दीड किलोच्या आसपास धातू.

तो काढायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत माती फिरत्या भट्टीत भाजून मग विजेच्या भट्टीत वितळवतात. यातून निकेलयुक्त कच्चं लोखंड मिळतं, ते स्टेनलेस स्टीलला चालतं. दुसरीत माती गंधकाम्लात, प्रचंड दाबाखाली, 250 अंश सेल्सिअसच्या आसपास 'शिजवतात'. बॅटरीचं निकेल बरंचसं या वाटेने येतं. पहिल्या पद्धतीला वीज बेसुमार लागते, आणि दुसरीत मागे उरतो तो ओल्या गाळाचा डोंगर. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

बंदी घातली, मग काय झालं?

2009 च्या खाण कायद्यात इंडोनेशियाने ठरवलं की खनिजावर प्रक्रिया देशातच करायची. जानेवारी 2014 मध्ये कच्च्या खनिजाची निर्यात थांबवली, 2017 मध्ये थोडी सूट दिली आणि 1 जानेवारी 2020 पासून निकेलसाठी दार पुन्हा बंद केलं. युरोपियन युनियनने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. 2022 मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. त्यांनी अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच सदस्यांअभावी ठप्प! बंदी चालूच राहिली.

सुलावेसी बेटावर मोरोवालीला आणि हल्माहेरा बेटावर वेदा बे इथे भट्ट्यांची शहरंच उभी राहिली. तिथल्या सरकारच्या आकड्यांनुसार निकेलची निर्यात 2017 मध्ये 3 अब्ज डॉलर्सच्या आसपास होती, ती 2022 मध्ये 30 अब्जांच्या वर गेली. आज जगात खाणीतून निघणारं निम्म्याहून जास्त निकेल एकट्या इंडोनेशियाचं आहे.

आता वाटेल, झालं तर मग! सगळ्यांनी हेच करावं. पण थांबा.

2014 मध्ये इंडोनेशियाने बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजावरही हीच बंदी घातली होती. तिथे चीनने सरळ मलेशिया आणि गिनीकडून माल घेतला आणि इंडोनेशियातल्या खाणी ओस पडल्या. निकेलमध्ये खरेदीदाराला तितका सोपा पर्याय नव्हता, बॉक्साइटमध्ये होता. 'आम्ही देणार नाही' म्हणायला आधी समोरच्याची तुमच्यावाचून अडचण व्हायला हवी.

बिल कुणी भरलं?

भट्ट्यांना लागणारी वीज येते मुख्यतः कोळशातून, आणि त्यासाठी भट्ट्यांशेजारीच कोळशाची वीजकेंद्रं बांधली गेली. म्हणजे 'ग्रीन' गाडीच्या बॅटरीमागे काळा धूर. डिसेंबर 2023 मध्ये मोरोवालीच्या एका कारखान्यात भट्टीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना स्फोट झाला आणि 21 कामगारांचा जीव गेला. जंगलं तुटली, किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ झालं, मासेमारी करणाऱ्यांची जाळी रिकामी येऊ लागली.

आणि मालकी? तिथल्या शुद्धीकरण क्षमतेचा साधारण तीन-चतुर्थांश वाटा चिनी कंपन्यांच्या ताब्यात आहे, वर सरकारने वर्षानुवर्षांच्या करसवलती दिल्या. निर्यातीचा आकडा फुगला, पण त्यातला नफा देशात किती राहिला, हा वेगळाच हिशोब आहे. शिवाय इतकं निकेल बाजारात आलं की भाव पडले. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात बीएचपीला आपला निकेलचा धंदा थांबवावा लागला. त्याच काळात निकेल न लागणाऱ्या एलएफपी बॅटऱ्या वाढल्या. सेल्समनने मला दाखवलेल्या दुसऱ्या गाडीत तीच होती.

मग मामा का हसला?

आता थोडं कळतं. गोव्याचं खनिज बरंचसं कमी प्रतीचं, त्यामुळे आपल्या पोलाद कारखान्यांकडून त्याला फारशी मागणी नव्हती. भट्टी लावायची तर कोळसा हवा, आणि कर्नाटकातल्या कारखान्यांसाठी मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाच्या धुळीनेच वास्कोची माणसं हैराण आहेत. एवढ्याशा गोव्यात सगळं खनिज वितळवणाऱ्या भट्ट्या आल्या असत्या, तर आणखी काय झालं असतं?

तरीही माझं मत 'भट्टी नकोच' असं नाही. नुसती माती विकणारा कायम स्वस्तात विकतो आणि खाण संपली की त्याच्या हातात खड्डा उरतो. 2012 मध्ये गोव्यात खाणी बंद झाल्या, तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक आणि त्यांचे थकलेले हप्ते मी मामाच्या गल्लीत पाहिलेत. ते ट्रक दुसऱ्या कशाच्याच कामाचे नव्हते.

भारताने जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली. त्यात खाणीपासून प्रक्रियेपर्यंत सगळं आलं. म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. उद्या कुणी म्हणालं, "आपलं खनिज आपणच वितळवू", तर टाळ्या जरूर वाजवा, पण आधी चार गोष्टी विचारा. वीज कशाची? गाळ कुठे टाकणार? मालक कोण? आणि त्या धातूची पुढची वस्तू, बॅटरी किंवा कपॅसिटर, इथेच बनणार का?

चौघांची उत्तरं नीट मिळाली, तर भट्टी आपली. नाहीतर धूर तेवढा आपला.