डांगीचे ठिपके आणि मुंबईचे पाणी

मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा एक वाटा इगतपुरी तालुक्यातल्या ऊर्ध्व वैतरणा धरणातून येतो. त्या डोंगरातला मुसळधार पाऊस अंगावर झेलत भातखाचरांत चिखलणी करतात ती डांगी जातीची गुरे. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक. डोळ्यांत भरतो मात्र रंग. पांढऱ्यावर मोजके काळे ठिपके असले तर ‘पारा’, काळ्या-पांढऱ्याची सरमिसळ असली तर ‘मणेरा’, काळा वरचढ असला तर ‘बाहळा’, शिवाय लालही. हे सगळेच रंग टिकले पाहिजेत, पण वळू निवडताना केवळ रंग पाहणे जातीच्या मुळावर येईल, असे माझे म्हणणे आहे.

याचे कारण अनुवंशशास्त्रात आहे. गुरांमध्ये काळा रंग लालवर प्रभावी असतो, लाल आत दडून राहू शकतो; म्हणून काळ्या आईबापांच्या पोटी लाल वासरू जन्मले तर तो संकराचा पुरावा ठरत नाही. लातूरकडच्या देवणीतही पूर्ण पांढरी बालंक्या, काळ्या तोंडाची वान्नेरा आणि ठिपक्यांची शेवरा असे तीन प्रकार एकाच जातीत नांदतात. त्यातला एकच ‘अस्सल’ ठरवला, की बाकीचे उत्तम वळू बाद होतात, उरलेल्या थोड्यांचे रक्त पुन्हा पुन्हा एकत्र येते आणि प्रजननक्षमता व काटकपणा घटत जातो.

मग रंगाचे कौतुक कशाला, ठिपक्यांनी दूध वाढते का, असे कोणी विचारील. नाही वाढत. पण ज्या गुराख्याकडे वंशावळीचा कागद नाही, त्याच्यासाठी जनावराचे अंग हीच नोंदवही असते. पारा, बाहळा ही नावे विसरली गेली, की डांगी गाय ‘गावठी’ म्हणून मोजली जाते आणि कोणत्याही वळूकडे नेली जाते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिखलणीला यंत्र आले, आता बैल कशाला? त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. जो बैल विकला जात नाही तो शेतकरी पोसणार नाही. म्हणून संवर्धनाचा खर्च समाजानेच उचलला पाहिजे.

तो पैसा कुठे खर्च व्हावा, हा खरा प्रश्न. राज्य सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतल्या प्रत्येक देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये अनुदान मंजूर केले. मुंबईत जनावरांची काळजी घेण्याची परंपरा जुनी आहे. भुलेश्वरचा पांजरापोळ 1834 चा, परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चे. पांजरापोळ म्हाताऱ्या जनावराला आसरा देतो आणि ते पुण्याचे काम आहे; पण आसरा म्हणजे पैदास नव्हे. पैदाशीला निवडलेला वळू लागतो, जन्मनोंद लागते आणि चरायला रान लागते. हे रान आणि राखणीचे ज्ञान अकोले-इगतपुरीच्या महादेव कोळी, ठाकर, कानडी कुटुंबांकडे आहे. नोंद झालेल्या वळूपासून झालेल्या प्रत्येक डांगी वासरामागे, मग त्याचा रंग कोणताही असो, त्या घराला थेट मोबदला मिळाला पाहिजे. ज्या डोंगरांचे पाणी मुंबई पिते, त्या डोंगरांतल्या गोठ्यांचे एवढे देणे ती लागते.