कुत्र्यासाठी अर्ज

गोव्यातील एका प्राणी-आश्रयस्थानातून कुत्रा आणावा म्हणून आम्ही प्रथम केलेल्या अर्जात ‘आमचे मुक्या प्राण्यांवर फार प्रेम आहे’ यापलीकडे काहीच नव्हते. तो नामंजूर झाला, आणि आम्ही रुसलो. पण एकदा टाकलेला कुत्रा पुन्हा परत आला, तर त्याला तिसरे घर मिळणे कठीण, हे मागाहून उमगले.

वाचकहो, असा अर्ज लिहावयाचा तर आपल्या अडचणीच आधी लिहाव्या. दुसऱ्या खेपेस आम्ही तसेच केले. कुंपण कमरेइतके आहे, ते उंच करीत आहोत. दिवसभर घरी फक्त आजी असते. नाताळात परगावी गेलो तर शेजारीण त्याला जेवू घालील. दर वर्षीच्या रेबीजच्या लशीचा खर्च थोरला मुलगा सोशील, आणि कुत्रा १२ ते १५ वर्षे जगतो हे त्याला ठाऊक आहे. आमचा पहिला कुत्रा फाटक उघडे राहिल्याने मोटारीखाली गेला, हेही लिहिले. तेथे लेखणी अडखळली खरी.

आठवड्याने आश्रयस्थानाचे गृहस्थ घर पाहावयास आले. चहाला बसण्यापूर्वी त्यांनी फाटकाची कडी हलवून पाहिली. आता कानाला नसबंदीची खाच असलेली एक तांबडी कुत्री आमच्या ओसरीवर निजते.