आजारी डिस्क बाहेर काढताना

सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथील पेवे पूर्वी फार प्रसिद्ध होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे कोठार. सांगलीच्या बाजारात येणारी हळद व्यापारी या पेवांत साठवीत. तोंड बंद केले की बाहेरची हवा आत जात नाही. त्यामुळे किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते.

समजा, एका व्यापाऱ्याचा माल चार पेवांत आहे आणि त्यांपैकी एका पेवात ओल येऊ लागली आहे. तो काय करील? उरलेल्या तीन पेवांत जागा किती आहे ते पाहील, ओल लागलेल्या पेवातला माल तिकडे हलवील, वजन ताडून पाहील आणि मगच ते पेव सोडून देईल. आधी पेव बुजवून मग मालाचा विचार करणारा व्यापारी आपल्याला सापडणार नाही.

संगणकातील माहितीच्या बाबतीत मात्र नेमकी हीच उलटी गोष्ट अनेकदा घडते. डिस्क बिघडत आहे असे कळताच ती उपसून काढली जाते. हे धोक्याचे का आहे आणि योग्य रीत कोणती, ते या लेखात पाहू.

सामायिक साठा

पहिली चुंबकीय डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची तळहातावर मावणारी एकच डिस्क ४ टेराबाइट, म्हणजे ४ लाख कोटी बाइट सहज साठवते. तरीही मोठ्या संस्थांना एक डिस्क पुरत नाही. मग अनेक डिस्क जोडून त्यांचा मिळून एकच मोठा साठा केला जातो. यालाच आपण सामायिक साठा म्हणू. वापरणाऱ्याला तो एकच मोठी डिस्क असल्यासारखा दिसतो. कोणती फाईल आत कोठे ठेवायची, हे संगणक ठरवतो.

अशा साठ्यात काय असते? महाविद्यालयाच्या गुणपत्रिका, ग्रंथालयातील जुन्या पोथ्यांची छायाचित्रे, शास्त्रीय मोजमापे. सातारा जिल्ह्यात कोयनानगरच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. त्या भागातील लहानमोठ्या धक्क्यांचा अभ्यास तेव्हापासून चालू आहे. भूकंपमापकाने टिपलेली एखाद्या धक्क्याची नोंद नष्ट झाली, तर तोच धक्का पुन्हा मोजता येत नाही. डिस्क दुकानात मिळते, नोंद मिळत नाही. म्हणून हा विषय महत्त्वाचा आहे.

डिस्क आजारी का पडते?

हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा व्यास साडेनऊ सेंटिमीटर धरला, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३६ मीटर, म्हणजेच ताशी जवळजवळ १३० किलोमीटर येतो. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर वाचनशीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. आपल्या डोक्याचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. तेव्हा थोडा धक्का, धुळीचा एखादा कण किंवा चुंबकीय थरातील दोष यांमुळे तबकडीवरील काही जागा वाचता येईनाशा होतात.

डिस्क अशा जागा आपणहून बाजूला टाकते आणि राखीव जागा वापरू लागते. असे किती वेळा केले, किती जागा अजून वाचता येत नाहीत, तापमान किती, याची नोंद ती ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्क अभ्यासून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तबकडीच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, दोष नसलेल्या डिस्कच्या मानाने ३९ पट असते, असे त्यांना दिसले. मात्र बंद पडलेल्या कितीतरी डिस्कांनी आधी अशी कोणतीच सूचना दिली नव्हती, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे सूचना मिळाली तर ती गंभीरपणे घ्यावी, पण सूचना नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

ताळ्याची युक्ती

गणित केल्यावर आपण ताळा पाहतो. सामायिक साठ्याचे संरक्षण ताळ्यावरच आधारलेले आहे. अमेरिकेतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली आपल्या निबंधात या पद्धतींची व्यवस्थित मांडणी केली.

तीन डिस्कवर अनुक्रमे ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत असे समजा. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज, २०, लिहून ठेवू. आता दुसरी डिस्क बंद पडली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करा. उत्तर ४. हरवलेला आकडा परत मिळाला! प्रत्यक्षात संगणक ० आणि १ यांवर काम करतो आणि बेरजेऐवजी ‘१ ची संख्या सम की विषम’ एवढेच पाहतो, पण तत्त्व हेच.

दोन डिस्क एकदम गेल्या तर? दुसरी आणि तिसरी गेली, तर त्या दोन आकड्यांची बेरीज १३ एवढेच आपल्याला कळते. ४ आणि ९, की ५ आणि ८, की ६ आणि ७? सांगता येत नाही. म्हणून आणखी एका डिस्कवर दुसरा ताळा ठेवतात. पहिल्या आकड्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट करून मिळवू: ७ + ८ + २७ = ४२. आता हरवलेले आकडे क्ष आणि य मानले, तर

क्ष + य = १३
२क्ष + ३य = ३५

ही एकसामयिक समीकरणे झाली. सोडवल्यावर य = ९ आणि क्ष = ४ मिळतात. दहावीच्या बीजगणिताचा हा अगदी रोजच्या वापरातला उपयोग आहे. आकडे फुगत जाऊ नयेत म्हणून संगणक वेगळ्या प्रकारचे अंकगणित वापरतो, एवढाच फरक.

आता याहून कठीण प्रसंग घ्या. डिस्क बंद पडली नाही, पण खोटे सांगू लागली. दुसऱ्या डिस्कने ४ ऐवजी ६ सांगितले. बेरीज २२ येते, म्हणजे २ जास्त. चूक आहे हे कळले, पण कोणाची? दुसरा ताळा पाहा: ७ + १२ + २७ = ४६, म्हणजे ४ जास्त. ४ ला २ ने भागले की २ येतात. चूक दुसऱ्या डिस्कची आणि ती २ ची! एकच डिस्क चुकत असेल, तर दोन ताळे मिळून चोरही पकडतात आणि मालही परत मिळवतात.

घाई का नको?

एका ताळ्याचा साठा एक डिस्क गेली तरी तग धरतो. पण ती गेल्यानंतर, नवी डिस्क भरून होईपर्यंत, त्याला काहीही संरक्षण नसते. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५ कोटी बाइट या वेगाने भरायची म्हटली, तर सुमारे साडेसात तास लागतात. साठा त्या वेळी वापरात असेल, तर याहून पुष्कळ जास्त. एवढ्या काळात उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात.

साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात असे लिहिलेले आढळते की, १ वर १४ शून्ये इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक होईल. इतके बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. आपल्याला वाचायचे आहेत तीन डिस्कचे १२ टेराबाइट. बहुतेक डिस्क या हमीपेक्षा बऱ्या चालतात हे खरे, पण भरवसा किती बारीक धाग्यावर आहे, ते यावरून ध्यानात येईल. शिवाय चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच वयाच्या आणि सारख्याच झिजलेल्या असतात.

आता मुख्य मुद्दा पाहा. आजारी डिस्क म्हणजे मेलेली डिस्क नव्हे. तिच्यावरील हजारो कोटी बाइटांपैकी थोडेच वाचता येत नाहीत. बाकीचे सारे ती अजून सांगू शकते. ती साठ्यात असताना नवी डिस्क शेजारी जोडली, तर बहुतेक माहिती आजारी डिस्ककडूनच मिळते आणि न वाचता येणाऱ्या जागा ताळ्यावरून भरून काढता येतात. इतर एखाद्या डिस्कवर एखादी जागा बिघडलेली निघाली, तरी तेथे आजारी डिस्क साक्षीला असते. तिला आधीच उपसून काढले, तर ही साक्ष आपणच घालवतो.

याला अपवाद एकच. डिस्क खडखड असा आवाज करू लागली किंवा तिच्यामुळे सगळा साठाच अडून बसू लागला, तर तिला लगेच बंद करावे लागते.

काढण्याची रीत

(१) सर्वांत आधी, महत्त्वाच्या माहितीची प्रत साठ्याबाहेर दुसऱ्या ठिकाणी आहे ना, ते पाहा. नसेल तर इतर सर्व कामे थांबवून ती करा.

(२) दोष डिस्कचाच आहे याची खात्री करा. ‘स्मार्ट’ नोंदीत केबलमधून माहिती येता-जाताना झालेल्या चुकांचा वेगळा आकडा असतो. फक्त तोच वाढत असेल, तर केबल बदलून पाहा.

(३) डिस्कची ओळख तिच्यावर छापलेल्या अनुक्रमांकावरून पटवा. संगणकाने दिलेले तात्पुरते नाव पुढच्या वेळी बदलू शकते. चुकीची, निरोगी डिस्क काढली, तर एका आजारी डिस्कच्या जोडीला दुसरी गैरहजर होते आणि एका ताळ्याचा साठा कोसळू शकतो. डिस्क बसवतानाच अनुक्रमांकाची चिठ्ठी बाहेरून चिकटवणे हे शहाणपणाचे.

(४) काही साठ्यांत ताळा नसतो. फाईली नुसत्या निरनिराळ्या डिस्कवर विभागलेल्या असतात. तेथे आधी जागेचा हिशेब करा. चार डिस्क मिळून १६ टेराबाइट आणि माहिती ९ टेराबाइट असेल, तर उरलेल्या तीन डिस्कांच्या १२ मध्ये ती मावेल. माहिती १३ असेल, तर आधी नवी डिस्क जोडलीच पाहिजे. मग साठ्याच्या प्रणालीला ही डिस्क रिकामी करण्याची आज्ञा द्या.

(५) ताळा असलेल्या साठ्यात नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घ्या आणि शक्य तर जुनी जागेवर असतानाच भरून घ्या.

(६) भरणे संपल्यावर सगळा साठा एकदा ताळ्याशी ताडून पाहा. चूक नाही असा निकाल आला, म्हणजेच जुनी डिस्क मोकळी झाली.

(७) आता तिला साठ्यातून अधिकृतपणे वगळा आणि तिचा वीजपुरवठा बंद करा. वीज जाताच फिरत्या तबकडीची मोटर क्षणभर जनित्राचे काम करते आणि त्या विजेवर वाचनशीर्ष सुरक्षित जागी नेले जाते. पण तबकडी थांबायला वेळ लागतो. फिरती डिस्क हातात घेऊन वाकडी केली, तर भिंगरीप्रमाणे ती त्या बदलाला विरोध करते आणि तो ताण धारव्यांवर येतो. म्हणून अर्धा-एक मिनिट थांबून मगच ती ओढा.

(८) जुनी डिस्क काही आठवडे जपून ठेवा. नंतर तिच्यावरील माहिती पूर्ण पुसून ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

ताळा म्हणजे प्रत नव्हे

पुन्हा एकदा हरिपूरला जाऊ. एका पेवात ओल आली, तर इतर पेवे माल वाचवतात. परंतु २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावात आले, तेव्हा एकाच वेळी अनेक पेवांत ते शिरले. माल विभागून ठेवल्याचा उपयोग झाला नाही, कारण सर्व पेवे एकाच गावात होती. ऑगस्ट २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

सामायिक साठ्यातील सर्व डिस्क एकाच पेटीत, एकाच वीजजोडणीवर असतात. पूर, आग, चोरी किंवा विजेचा झटका सर्वांना एकदमच गाठतो. आणि कोणी चुकून फाईल पुसली, तर ती सर्व डिस्कांवरून इमाने इतबारे पुसली जाते! दोनच काय, दहा ताळे ठेवले तरी येथे उपयोग नाही. म्हणून सांगलीच्या साठ्याची एक प्रत सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या साताऱ्यात असावी आणि साताऱ्याची सांगलीत. सांगलीत शिरलेले पाणी साताऱ्यातील प्रतीपर्यंत पोहोचत नाही. ती प्रत खरोखर उघडते का, हेही अधूनमधून पाहिले पाहिजे.

करून पाहा

तीन मित्रांना एकेक आकडा कागदावर लिहायला सांगा. ते आकडे न पाहता, फक्त साधी बेरीज आणि एकपट-दुप्पट-तिप्पट बेरीज विचारून घ्या. मग एकाने आपला आकडा बदलून तिघांनी ते मोठ्याने सांगावेत. कोणी बदलला, ते तुम्ही ओळखा. सरावासाठी ही दोन उदाहरणे सोडवा.

(अ) ताळे १७ आणि ३६ आहेत. डिस्क अनुक्रमे ६, ३ आणि ५ असे सांगतात. कोणती डिस्क चुकते आणि खरा आकडा कोणता?

(आ) ताळे १६ आणि २८ आहेत. पहिली आणि तिसरी डिस्क बंद आहे. दुसरी २ सांगते. हरवलेले आकडे कोणते?

उत्तरे: (अ) तिसरी, खरा आकडा ८. (आ) पहिला ९, तिसरा ५.