रंग येतो कोठून?

वधू-वर सूचक सदरासाठी येणारे प्रत्येक पत्र आम्ही काळजीपूर्वक वाचतो. आईवडील मनापासून लिहितात : शिक्षण, नोकरी, उंची, मूळ गाव. आणि मग एक ओळ हमखास येते. ‘रंग गोरा’, ‘रंग निमगोरा’, ‘गहूवर्णी’. मुलगी काळीसावळी असेल तर ती ओळ पुष्कळदा कोरीच असते. शिकलेली, घराला हातभार लावणारी मुलगी. पण तिच्या बापाचे पेन त्या एका ओळीवर अडते. ज्या घरांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे त्या घरांतून ही पत्रे येतात, म्हणून आम्हाला जास्त वाईट वाटते.

तेव्हा या आठवड्यात कुटुंबाच्या पानावर आपण रंगाचाच विचार करू. रंग म्हणजे असते तरी काय? तो येतो कोठून?

साडी घ्यायला गेलेली बाई दुकानदाराला म्हणते, “जरा दाराशी उजेडात बघू द्या.” उजेड बदलला की रंग बदलतो, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांच्याखाली आपला निळा झेंडा काळपट दिसे, कारण त्या दिव्यात निळा उजेड जवळजवळ नसतोच. जो रंग उजेडात नाही तो वस्तू परत पाठवणार कोठून?

सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण तो अनेक रंगांचा मिळून झालेला असतो. शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केले ते हेच. आयझॅक न्यूटन यांनी काचेच्या लोलकातून हे रंग वेगळे करून दाखवले आणि १६७२ साली आपला शोध प्रसिद्ध केला. उजेड वस्तूवर पडला की वस्तू त्यातले काही रंग शोषून घेते, उरलेले परत पाठवते. परत आलेले आपल्या डोळ्यात शिरतात. झाडाच्या पानातले हरितद्रव्य मुख्यतः तांबडा आणि निळा उजेड शोषून त्यावर अन्न तयार करते. हिरवा त्यामानाने कमी शोषला जातो, म्हणून पान हिरवे दिसते. म्हणजे जो रंग पानाने सोडून दिला, त्यालाच आपण पानाचा रंग म्हणतो!

राहिला डोळा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांना पुरेसा उजेड लागतो. रात्री वीज गेली की दोरीवरची लाल साडी आणि हिरवी साडी सारखीच दिसते ती यामुळे.

उजेड, वस्तू आणि डोळा, या तिघांच्या भेटीतून रंग उभा राहतो. एकट्या वस्तूत तो नसतो. इथे मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्ताची आठवण होते. डोळा आणि रूप यांच्यामुळे चक्षुविज्ञान उत्पन्न होते, आणि तिघांचे एकत्र येणे म्हणजे स्पर्श, असे तिथे सांगितले आहे. भगवंतांनी प्रकाशशास्त्र शिकवले असा आमचा दावा नाही. पण कारणाशिवाय काही घडत नाही, ही दृष्टी त्यांनी दिली. त्याच दृष्टीने पाहिले तर विज्ञान सोपे होते.

कारणे तरी किती तऱ्हेची! एक निळा रंगच घ्या. झेंड्याचे कापड निळे, कारण त्यात मुरवलेला रंग निळा सोडून बाकीचा बराच उजेड शोषतो. आभाळ निळे, पण तिथे कोणताच रंग फासलेला नाही. हवेचे बारीक कण निळा उजेड तांबड्यापेक्षा सुमारे चौपट जास्त विखुरतात. तो चहूकडून डोळ्यात येतो आणि सारे आभाळ निळे दिसते. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली याचे गणित मांडले. सूर्य मावळताना उजेडाला हवेतून लांबचा पल्ला काटावा लागतो. निळा वाटेतच विखरून जातो, आपल्यापर्यंत पोचतो तो तांबडा. तिसरा निळा मोराच्या पिसाचा. त्या पिसात निळे रंगद्रव्य नाहीच. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म रचना उजेड अशा तऱ्हेने परतवते की निळी-हिरवी झळाळी दिसते. पीस कुटून ती रचना मोडली तर भुकटी तपकिरी होते. निळा एकच, कारणे तीन.

घरच्या घरी एक प्रयोग करा. पांढऱ्या कापडावर वरणाचा डाग पडला आणि आपण साबण लावला की डाग एकदम लाल होतो. हळदीतले पिवळे द्रव्य साबणाच्या क्षाराने बदलते व वेगळा उजेड शोषू लागते. त्यावर लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा. हळदीच्या पाण्यात चुना कालवून ‘रक्त’ काढून दाखवणारा भोंदू एवढ्यावरच भोळ्या माणसांना लुबाडतो. हा प्रयोग ज्या पोराने आईजवळ बसून पाहिला, तो असल्या बाबाला फसणार नाही.

आता पुन्हा त्या कोऱ्या ओळीकडे येऊ. माणसाच्या कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिन नावाच्या द्रव्याने येतो. ते तयार करणाऱ्या पेशी काळ्यागोऱ्या सर्वांना जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे तयार होते एवढाच. हे द्रव्य उन्हातले घातक अतिनील किरण अडवते. उन्हात राबणाऱ्याची कातडी रापते, कारण शरीर स्वतःवर छत्री धरते. कडक उन्हाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या गडद कातडी उपयोगी पडली. जिथे ऊन कमी तिथे फिकी कातडी कामी आली, कारण ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला थोडे ऊन आत जावे लागते. यात उच्च काय नि नीच काय?

आणि गंमत अशी, की केस काळे होतात तेही मेलॅनिननेच. केस काळेभोर हवेत म्हणून आपण कलप लावतो, आणि तेच द्रव्य लेकीच्या गालावर दिसले की मलम आणून देतो. गोरे करणाऱ्या काही मलमांत पारा सापडला आहे. पाऱ्याने मूत्रपिंडे खराब होतात. डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइडचे मलम चोळत राहिले तर कातडी पातळ पडते.

‘वर्ण’ या शब्दाचा एक अर्थच रंग. त्या शब्दाने आपल्या पूर्वजांना किती छळले, हे आम्ही सांगायला नको. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी कातडीच्या रंगावरून आर्य आणि शूद्र वेगळे काढणारा सिद्धांत पुराव्यानिशी खोडून काढला. त्याच्या कितीतरी शतके आधी सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी हेच समजावले आहे. गवत, झाडे, किडे, पक्षी, मासे यांच्यात जन्माने जातीच्या खुणा दिसतात. माणसांत तशी खूण केसांत नाही, डोळ्यांत नाही, आवाजात नाही आणि वर्णातही नाही. माणूस ओळखायचा तो कर्माने.

मग ज्या समाजाने वर्ण नाकारला, त्याने लग्न जुळवताना रंग का विचारावा? यापुढे सूचक पत्रात रंग लिहू नका, अशी वाचकांना आमची विनंती आहे. कुणी लिहिला तरी ती ओळ आम्ही छापणार नाही. त्या जागी मुलगा निर्व्यसनी आहे का, मुलीला पुढे शिकायचे आहे का, हे लिहा.

आणि येत्या रविवारी विहारात मुलांना हळद, साबण आणि लिंबू घेऊन बसवा. डाग लाल का झाला, ते त्यांनाच विचारा.

जयभीम!