रॉकर बदलल्यावर टॅपेट सेटिंग

शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिन 1955 साली आलं. त्याच्या रॉकरचा मूळ रेशो 1.5, म्हणजे कॅमने पुशरॉड एक मिलिमीटर वर ढकलला की व्हॉल्व्ह दीड मिलिमीटर उघडतो. हौशी मंडळी कॅम तोच ठेवून 1.6 चे रॉकर चढवतात, कारण वरचं झाकण काढलं की काम होतं. कॅमचा उंचवटा 7.62 मिमी असेल, तर व्हॉल्व्ह 11.43 ऐवजी 12.19 मिमी उघडेल.

या जादा पाऊण मिलिमीटरला जागा आहे का, हे आधी बघायचं. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकायला नकोत, रिटेनर सीलवर आपटायला नको, पिस्टनने व्हॉल्व्हला शिवायला नको. हे बहुतेकांच्या लक्षात असतं. राहून जातं ते पुशरॉडचं भोक. रेशो वाढवायला रॉकरमधली पुशरॉडची वाटी स्टडच्या जवळ आणलेली असते. मग पुशरॉड तिरका होतो आणि हेडमधल्या भोकाची कड घासू शकतो. इंजिन हाताने फिरवत प्रत्येक भोकात टॉर्च मारा.

आता सेटिंग. एक्झॉस्ट उघडू लागला की त्याच सिलिंडरचा इनलेट सेट करायचा; इनलेट बंद होत आला की एक्झॉस्ट. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर पुशरॉड वर-खाली हलवत नट पिळत जा. खडखड थांबली की फट शून्य. पुशरॉड बोटांनी गोल फिरवून अंदाज घेणारे इथे फसतात, कारण तेल नसलेला प्लंजर दबत गेला तरी पुशरॉड सहज फिरत राहतो. शून्यानंतर साधारण अर्धा फेरा. स्टडला इंचाला 24 आटे असतील, तर नट जेमतेम अर्धा मिमी उतरतो. पण व्हॉल्व्हकडचं टोक जागचं हलत नसल्याने प्लंजर मात्र सुमारे 0.86 मिमी दबतो.

सॉलिड टॅपेटला फिलर गेज हवा, आणि खरी गोम तिथेच आहे. फट आपण व्हॉल्व्हपाशी मोजतो, कॅमपाशी ती रेशोने भागून पोचते. कॅमच्या कागदावर 1.5 साठी 0.56 मिमी लिहिलं असेल आणि 1.6 ला तीच ठेवली, तर कॅमपाशी 0.37 ऐवजी 0.35 उरते. व्हॉल्व्ह किंचित लवकर उघडतो, उशिरा मिटतो. पूर्वीचंच टायमिंग हवं असेल तर फट 0.60 करा.

स्प्रिंग थकलेल्या असतील, तर 1.6 चे रॉकर घेण्याआधी ते पैसे स्प्रिंगवर घाला.